वीस पावलं मागे

लाम्ब्रोस पुन्हा थांबला. जुन्या किल्ल्याच्या चढावर, अर्ध्या वाटेत, कठड्याला टेकून तो समुद्राकडे बघत राहिला.

"बाबा, कासवसुद्धा एव्हाना वर पोचलं असतं," त्याची नऊ वर्षांची ख्रिसान्थी म्हणाली.

"पोचू दे. आपण सुट्टीवर आलोय, शर्यतीला नाही."

घाम पुसायच्या निमित्ताने लाम्ब्रोसच्या आईने, इव्हान्थियाने, मान वळवली. खाली वळणावर करड्या टोपीतला एक म्हातारा भिंतीला हात लावून उभा होता. तिने झटकन तोंड फिरवलं. मुलाने बघितलं तर नाही ना?

तो अपोस्तोलिस होता. योआनिना शहरात तिच्या गल्लीत तीस वर्षं त्याने टपाल वाटलं. आता निवृत्त होता, बायको जाऊन आठ वर्षं झाली होती. गेल्या वर्षापासून दर गुरुवारी तो आणि इव्हान्थिया तळ्याकाठच्या बाकावर बसत. फेब्रुवारीत त्याने तिला लग्नाचं विचारलं, आणि सहासष्टाव्या वर्षी, नवऱ्याच्या दुखवट्याचे काळे कपडे अजून अंगावर असताना, ती हो म्हणून बसली. मुलाला सांगायचं तेवढं राहिलं. घरी तोंडच उघडत नव्हतं. सगळे मिळून तीन दिवस कॉर्फू बेटावर जायचं ठरलं तेव्हा तिने मनाशी पक्कं केलं, तिथेच सांगायचं. परक्या गावात आवाज चढले तरी ऐकायला शेजारी नसतात.

"तू एकटीने सांगायचं नाहीस," अपोस्तोलिस म्हणाला होता. "मी वीस पावलं मागे असेन. नीट झालं तर वळून हाक मार. नाहीतर मी साडेसहाच्या बोटीने परत जातो, आणि पुन्हा तुझ्या वाटेला येत नाही."

येऊ नकोस म्हणून तिने परोपरीने सांगितलं होतं. तरी सकाळी बोटीच्या खालच्या डेकवर ती करडी टोपी दिसलीच.

तिला धास्ती होती ती लाम्ब्रोसची. नवऱ्याच्या तिसऱ्या स्मृतिदिनी, चर्चमधून आल्यावर, तिची बहीण सहज म्हणाली होती, "इव्हान्थियाला आता कुणाची तरी सोबत हवी." लाम्ब्रोस ताटावरून उठून बाहेर निघून गेला होता. त्यानंतर तो विषय घरात कुणी काढला नाही.

किल्ल्यावरून उतरल्यावर संत स्पिरिडॉनच्या चर्चमध्ये तिने मेणबत्ती लावली, धीर गोळा केला आणि बाहेर येऊन तोंड उघडलं. तेवढ्यात लाम्ब्रोस बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. नाडी सुटलेली नव्हती. मग गल्ल्यांमध्येही तेच. कोपरा आला की हा थांबणार. कधी वाळत घातलेल्या कपड्यांचा फोटो, कधी मांजर. कांपिएलो या जुन्या वस्तीतल्या पायऱ्यांवर तर तो चक्क बसला आणि सरळ मागे बघू लागला. अपोस्तोलिस चपलांच्या दुकानात शिरला, पण उशिरा. इव्हान्थियाला वाटलं, याला संशय आलाय, आणि हा आपल्याला रंगेहाथ पकडणार.

चार वाजता ते एका लहान चौकात, द्राक्षवेलीखाली जेवायला बसले. पास्तित्सादा या तिथल्या मांसाच्या रश्श्याचा मसालेदार वास सुटला होता. चौकापलीकडच्या पेपरच्या टपरीशी टोपी उभी होती.

"लाम्ब्रोस," ती म्हणाली, "एक माणूस आहे. आम्ही लग्न करायचं म्हणतोय. तुझ्या बाबांना मी विसरलेली नाही. पण तू नको म्हणालास तर नाही करणार."

सून वासोने हातातला काटा खाली ठेवला. लाम्ब्रोसने ताट बाजूला सारलं.

"मावशी बोलली त्या दिवशी मी उठून गेलो, आठवतंय?" तो म्हणाला. "बाहेर जाऊन रडलो. तू तीन वर्षं एकटी जेवत होतीस. ते मावशीला दिसलं, मला दिसलं नाही."

"म्हणजे तू..."

"वासोने तुम्हाला तळ्याकाठी कितीदा बघितलंय. अख्ख्या योआनिनाने बघितलंय, आई. आपल्याला कुणी बघत नाही, असं फक्त तुम्हा दोघांनाच वाटतं."

वासो हसू दाबत म्हणाली, "आता हाक मारा त्यांना. मला सकाळपासून कसंतरीच होतंय."

इव्हान्थिया वळली. हाक मारण्याऐवजी तिने हात वर केला. अपोस्तोलिसने टोपी काढली, क्षणभर छातीशी धरली आणि चौक ओलांडू लागला. दिवसभर आवळून धरलेलं सगळं सैल झालं आणि ती रडता रडता हसू लागली. वासोने शेजारच्या टेबलाची रिकामी खुर्ची ओढून घेतली.

"मग दिवसभर थांबून थांबून मागे काय बघत होतास रे?" डोळे पुसत इव्हान्थियाने मुलाला विचारलं. "माझा जीव जायची वेळ आली. मला वाटलं, तू पाळत ठेवतोयस."

लाम्ब्रोस उठून उभा राहिला होता. दगडी फरशीवरून एक पाय जपून टाकत येणाऱ्या म्हाताऱ्यावर त्याची नजर होती.

"त्यांचा गुडघा दुखतोय, आई," तो म्हणाला. "मी भरभर चाललो असतो तर ते मागेच राहिले असते."