यानावरची हिरवी रेघ

हिरवी रेघ पुन्हा सरळ झाली होती.

डॉक्टरांनी प्लॅस्टिकचं छोटं यान खिडकीशी धरलं, भिंगातून पाहिलं, मग भिंग बाजूला ठेवून पाहिलं. काल संध्याकाळी हाताला हिसका बसून ही रेघ पंखावर घसरली होती. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि डोळे हाच तर त्यांचा धंदा. वैतागून त्यांनी यानावर खोकं पालथं घातलं होतं आणि पाय मोकळे करायला निघून गेले होते. आता रेघ नाकापासून शेपटीपर्यंत सुतासारखी सरळ. मागच्या आठवड्यात उजव्या बाजूला हेच झालं होतं.

"अगं, याला तू हात लावलास का?"

"मी कशाला लावू? तुमची खेळणी तुम्हालाच लखलाभ." बायको उशीचा अभ्रा शिवत होती. बोलता बोलता तिने सुईत दोरा ओवला, पहिल्याच झटक्यात. "ओला रंग फुगलेला दिसतो. सुकला की बसतो, असं तुम्हीच सांगता ना?"

सांगत होते खरे. पण घसरलेला रंग परत जागेवर जाऊन बसतो, हे त्यांनी कुठे ऐकलं नव्हतं.

"आणि ते भिंग," ती म्हणाली. "त्याच्याखाली राईचा पर्वत होतो."

सुटे भाग जोडून करायचं हे अंतराळयान त्यांच्या लहानपणीचं होतं. खोक्यावरचं चित्र झोकदार, आतला प्लॅस्टिकचा माल ओबडधोबड. डॉक्टरांनी सांधे लुकणाने भरले, घासून गुळगुळीत केले, नुसत्या चिकटवायच्या खिडक्यांच्या जागी खऱ्या खिडक्या कोरल्या. मूळ रंग आता बाजारात मिळत नव्हता. तीन बाटल्या मिसळून त्यांनी हा निळसर हिरवा घरीच जमवला होता आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

पण खरा प्रश्न रेघेचा होता. हात कापू लागला तेव्हा डॉक्टरांनी आपणहून शस्त्रक्रिया थांबवल्या होत्या. रेघ जमली तर परत कामावर, नाही तर शस्त्रक्रियेच्या खोलीला कायमचा रामराम, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. बायकोलाही सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी शेपटीभोवतीचं कडं रंगवलं. हात थरथरला. नक्की थरथरला. की तसा भास झाला? फिरून आले तेव्हा घरात थिनरचा वास होता.

"नेलपॉलिश काढलं," बायको म्हणाली.

"या वयात हिला नखरे सुचतायत!" आतून सासूबाई ओरडल्या. मोतीबिंदूने त्यांना फारसं दिसत नसे, त्याची भरपाई कान करत.

सकाळी शेपटीचं कडं बिनचूक होतं. डॉक्टरांनी ते भिंगाखाली तीनदा फिरवून पाहिलं. मग त्यांना हळूहळू पटलं, की कापत होतं ते मन. हात केव्हाच बरा झाला होता. ते इतके खूश झाले की नाश्त्याआधीच त्यांनी रुग्णालयात फोन लावला.

"उद्यापासून सुरू!" ते बायकोला म्हणाले. "आणि पहिला डोळा कुणाचा, सांग बघू? आईंचा!"

सुई थांबली.

"आईचा नको."

"का गं? दुसऱ्या कुणाचा हात लावून घ्यायला त्या तयार नाहीत. माझ्यासाठी तर थांबल्यात."

"दुसऱ्या कुणाचाही डोळा नको. तुम्ही अजून थोडे दिवस..."

"जावईबापू," सासूबाई आनंदाने ओरडल्या, "उद्या किती वाजता निघायचं?"

डॉक्टरांनी हसत बायकोचा हात हातात घेतला. तो अजिबात कापत नव्हता. अंगठ्याच्या नखाच्या कडेला बाजारात न मिळणारा तो हिरवा रंग वाळून बसला होता.