देव उभा होता ती जागा

हनन्याकाकांनी पुन्हा खाडाखोड केली, तसा दोसिथियसचा पारा चढला. अलेक्झांड्रियातल्या, हिब्रू विसरलेल्या ज्यूंसाठी दोघं मिळून धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आणत होते आणि उद्या हा भाग सभेत वाचला जाणार होता. सकाळपासून काकांनी मजकुरातले 'देवाचे हात' काढून तिथे 'सामर्थ्य' घातलं होतं. आता वडीलधारे डोंगर चढून देवाला पाहतात ही ओळ आली, तर काका लिहून मोकळे: 'देव उभा होता ती जागा पाहिली.'

"मूळ हिब्रूत सरळ 'देवाला पाहिलं' असं आहे, काका."

"देव काय माणसासारखा दिसतो? ग्रीक शेजारी हसतील आपल्याला."

"मग उभं राहायला पाय नाही लागत? आणि नुसती रिकामी जागा बघायला एवढा डोंगर कोण चढेल?"

दिवस कलला की काका रोज बंदरावर जात, तसे उठून चालू लागले. आज निकाल लावायचाच म्हणून दोसिथियस भाषांतराची गुंडाळी घेऊन तणतणत त्यांच्या मागे गेला.

धक्क्याच्या टोकाला एका पायरीपाशी काका थांबले. त्यांचा मुलगा इथूनच गलबतात चढला होता आणि ते गलबत परत आलंच नव्हतं, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. काका त्या पायरीकडे बघत होते, मुलाच्या तोंडाकडे बघावं तसे.

"इथे उभा होता," ते म्हणाले.

दोसिथियसने गुंडाळी काखोटीला मारली. आपली सावली त्या पायरीवर पडतेय हे त्याच्या ध्यानात आलं, आणि तो बाजूला झाला.