निकेशनं बसवलेला पंप

"गाडीले काऊन शिव्या देऊन राह्यला रे? गाडी बरोबर हाय. तुया दंडात दम नाई, ते बोल!"

इंदिराबाई भर स्टँडावर ओरडली. निकेश जीपमधून उतरला अन् दरवाजा असा आपटला का खिडकीची काच सरकून आत गेली. ती वर काढासाठी त्यालेच अर्धा तास झटाव लागलं. राग आला का निकेशचं असंच होये. शाळाबी अशीच सुटली होती. रागात सरले म्हणाला, "उद्यापासून येत नाई." सरनं थांबवलंच नाई.

जीप जुनी, चारी चाकं ओढणारी. कुरखेड्याहून जंगलातल्या गावांत माणसं, मोहाची पोती, बकऱ्या, सगळं नेणारी. जीप इंदिराबाईची. इतकी वर्षं तिनंच चालवली. मागच्या साली बाई नाल्यात घसरून पडली अन् तिचा उजवा खांदा निखळला. खांदा बसला, पण हातात जोर राह्यला नाई. जीपचं स्टेरिंग तं भल्लं जड. तवापासून निकेश डायव्हर, अन् बाई बाजूले बसून नुसती बोलणारी.

निकेश तिचं बोलणं गिळे, कारण ती सीट त्याले जिवापाड प्यारी होती. शाळा सोडल्यावर गाव त्याले 'रिकामा' म्हणे. सीटवर बसला तसे म्हातारेबी 'डायव्हरभाऊ' म्हणू लागले. तेवढ्यासाठी त्यानं आणखी दहा बायांचं ऐकलं असतं.

वांधा एकच होता. डायव्हरच्या डाव्या बाजूले तीन सवाऱ्या बसत अन् उजव्या बाजूले एक. मधात निकेश अर्ध्या ढुंगणावर. दोन्ही हातानं चाक ओढत, दात खात वळण घे. एक दिवस मागून कॉलेजची करिश्मा मैत्रिणीले म्हणाली, "हा गाडी चालवून राह्यला का रेडा आवरून राह्यला?"

सारी गाडी हासली. बकरीबी ओरडली.

निकेशनं तिथीच ठरवलं. पावर स्टेरिंग बसवाचं. चाकावर एक हात, दुसरा खिडकीबाहेर. मंग हासा म्हणावं.

पावर स्टेरिंगचा डब्बा भंगारात भेटला, पण तेलाच्या दाबानं चाक हलकं करणारा त्याचा पंप फुटका होता. मंग रानडुकराले ठोकलेल्या एका कारचा पंप आणला. कारचा पंप जीपले सरळ कायचा बसते? निकेशनं गाडीच्या जुन्या कमानीची लोखंडी पट्टी कापली, भोकं पाडली, इंजिनाच्या बाजूले पंप आवळून टाकला. पुली बदलली. पट्टा चढवला. टाकीत तेल भरलं. मंग लोक जमवले. लोकं नसले तं मेहनतीचा फायदा काय? दुसऱ्या जीपचा डायव्हर प्रफुल्ल चावीवर बसला. निकेश बोनटात वाकून बोट दाखवत सगळ्यायले समजावून सांगू लागला.

चावी फिरली. टाकीतून तेलाची पिचकारी उडाली, सरळ निकेशच्या नाकात.

चाक तं पह्यल्यापेक्षा जड झालं होतं. लोकं पोट धरून हासले. निकेशनं पाना फेकला, तो नालीत गेला. नालीत हात घालून पाना शोधता शोधता त्याचं डोकं थंड झालं. तेल जिथून आत जाव, तिथूनच बाहेर कसं आलं? त्यानं पंपावरचं ग्रीस पुसलं. खाली बाण कोरलेला होता. बाण एकीकडे अन् पंप फिरे दुसरीकडे. कारमध्ये पट्टा उलट्या बाजूनं जात असन. ज्या पोट्ट्याले स्टँडाच्या त्या टोकाहून करिश्माची ओढणी वळखू ये, त्याले नाकाखालचा बाण दिसला नव्हता.

त्यानं पंप खोलला. आतली रिंग पलटवली, म्हणजे पंप उलटा फिरला तरी तेल बरोबर वाटेनं जाईन. पुन्हा आवळला. चावी मारली.

चाक लोण्यावानी फिरलं.

आता निकेश जमिनीवर नव्हता. त्यानं एका हातानं स्टँडाचा फेरा मारला, दुसरा खिडकीबाहेर. करिश्मा हासली नाई. तेवढ्यावर थांबाव ना! पण नाई. बाईचं तोंड बंद केल्याशिवाय त्याले चैन कुठी? तो स्वतः उतरला, दरवाजा धरून उभा राह्यला.

"बसा बाई. पाहा माया दंडाचा दम."

बाई बसली. उजवा हात मांडीवरून उचलला अन् चाकाच्या खालच्या काठाले नुसता टेकवला. चाक फिरलं. तिनं स्टँडाचा एक फेरा मारला. दुसरा मारला. मंग जीप नाल्याच्या रस्त्यानं गेली, पलीकडे चढली, वळली अन् परत आली. बाईचे डोळे भरले होते. निकेश दरवाज्याजवळ गेला.

"उतरा बाई. टाइम झाला, मी घेतो."

बाईनं पदरानं डोळे पुसले अन् गिअर टाकला.

"काऊन? स्टेरिंग जड हाय का आता?"

सवाऱ्या भरू लागल्या. बाईच्या उजव्या बाजूले करिश्मा बसली, अन् बाईनं तिले बसूबी देल्लं.

प्रफुल्ल हळूच जवळ आला. त्याचं तोंड उतरलं होतं. "निक्या, हात जोडतो बापा. माया मालकाले या पंपाचं सांगू नको. म्हातारा हाय, त्याच्याच्यानं चाक ओढत नाई, म्हणून तं मी हाव."

बाईनं हॉर्न मारला. जीप हललीबी.

"बाजूले हो प्रफुल्ल, जाव लागते आता," निकेश पळता पळता म्हणाला. "बाई क्लीनरसाठी गाडी थांबवत नाई."