देखेंगे

“देखेंगे,” फोनच्या पडद्यावरचा फुर्बा म्हणाला आणि ऋचाने कपाळाला हात लावला.

मघापासून त्याचं हेच चाललं होतं. कुणी आजारी पडलं तर हेलिकॉप्टर येईल का? मौसम देखेंगे. चौदा जणांची एकाच ठिकाणी झोपायची सोय होईल? देखेंगे. वर पोचल्यावर शिखर तरी दिसेल? तेही देखेंगे. ऋचाच्या धायरीच्या ग्रुपने सिंहगड-राजगड पालथे घातले होते, पण परदेशातला ट्रेक हा पहिलाच, नेपाळचा. तिथे सगळ्यांना सांभाळून नेणारा गाईड आज ठरवायचा होता, कारण संध्याकाळी विमानाची तिकिटं काढायची होती. काल काठमांडूच्या दीपेंद्रशी बोलणं झालं होतं. तो प्रश्न पुरता व्हायच्या आत “हो जाएगा, मॅडम” म्हणायचा. ऐकताना बरं वाटलं होतं आणि फोन ठेवल्यावर धाकधूक सुरू झाली होती. एक सगळ्यालाच हो म्हणतो, दुसरा कशालाच हो म्हणत नाही. विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

“एक मिनिट हां,” म्हणून तिने आपला आवाज बंद केला.

बुधवार पेठेतल्या वडिलांच्या दुकानात, काउंटरच्या अलीकडे, ती स्टुलावर बसली होती. पलीकडे वडील, यज्ञेश्वर, एका जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला सोल्डरिंगचा डाग देत होते. पायात ट्रेकचे नवे बूट. पायाला सवय व्हावी म्हणून ते बूट हल्ली दुकानातही चढवलेले असत. “काय, आज बर्फ पडलाय वाटतं पेठेत,” असं शेजारचा घड्याळवाला रोज विचारायचा. हृदयात स्टेंट बसल्यापासून त्यांनी मनाशी धरलेली एकच गोष्ट, हा ट्रेक. डॉक्टरांनीही “जा, पण त्रास झाला तर हट्ट करू नका” म्हणून सोडलं होतं. नेमकं हट्ट न करणंच त्यांना कधी जमलेलं नव्हतं.

एक मुलगी जुना स्पीकर घेऊन पायरी चढून आली. “काका, हा दुरुस्त होईल का?”

यज्ञेश्वरांनी स्पीकर उलटा करून पाहिला. “बघू.”

“मंग केव्हा येऊ न्यायला?”

“बघू.”

मुलगी तशीच उभी राहिली. विदर्भातली असावी. ऋचालाच राहवलं नाही. “नाही होणार म्हणतायत ते.”

“पण ते तं बघू म्हणाले.”

“इथे बघू म्हणजे नाही.”

“मंग सीधं नाही म्हणायचं न.”

“नाही म्हटलं की लोक का म्हणून विचारतात,” यज्ञेश्वर मान वर न करता म्हणाले.

मुलगी स्पीकर उचलून गेली. ऋचाला हसू आलं आणि अर्ध्यावरच विरलं. तिचं सगळं लहानपण या बघूवर गेलं होतं. सायकल, बघू. महाबळेश्वर, बघू. फुर्बाचं देखेंगे याच जातीचं असलं तर? मग हा माणूस मघापासून गोड बोलून सगळ्यालाच नाही म्हणतोय, आणि त्यापेक्षा दीपेंद्र परवडला. पण डोंगरातल्या माणसाला पुण्याचं हे आडून ‘नाही’ म्हणणं कुठून येणार? तिचं डोकं चालेनासं झालं.

एक प्रश्न तिने मुद्दाम मागे ठेवला होता. काल दीपेंद्रला विचारला तेव्हा तो म्हणाला होता, “अंकल? घोडा है, हेलिकॉप्टर है, हो जाएगा.” ते ऐकून यज्ञेश्वर खुशीत म्हणाले होते, “हा माणूस बरा वाटतो.”

तिने आवाज पुन्हा सुरू केला. “मेरे पिताजी भी आ रहे हैं. दिल में स्टेंट है. ऊपर तक जा पाएँगे?”

काउंटरपलीकडचा हात थांबला.

“देखेंगे,” फुर्बा म्हणाला.

“देखेंगे मतलब हाँ या ना?” तिचा आवाज चढला. “हमारे यहाँ देखेंगे मतलब ना होता है.”

फुर्बा पडद्याजवळ सरकला. “हमारे यहाँ देखेंगे मतलब देखेंगे, दीदी. रोज सुबह मैं उनको चलते हुए देखूँगा. मुँह देखूँगा, साँस देखूँगा. ठीक नहीं लगा तो मैं उनको लेकर नीचे, बाकी लोग मेरे भाई के साथ ऊपर. उस टाइम उनसे पूछूँगा नहीं. आपसे भी नहीं.”

इतके दिवस शोधत होतो तो माणूस हाच, हे ऋचाला लख्ख कळलं, आणि त्याच क्षणी फोन बंद करून टाकावासा वाटला. वडिलांकडे बघायचा तिला धीर होईना.

“पक्का समझिए,” ती म्हणाली. “आपके साथ ही आएँगे.”

तिने फोन ठेवला. यज्ञेश्वरांनी ताज्या डागावर फुंकर घातली.

“कालचा हो म्हणत होता,” ते म्हणाले.

“हो, बाबा.”

“हा पूछूँगा नहीं म्हणतो. आणि तेही माझ्याच दुकानात.”

ऋचाने विचारलं, “तुम्ही येताय ना पण?”

“बघू,” यज्ञेश्वर म्हणाले.

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. जन्मभरात पहिल्यांदाच तिला या शब्दाचा अर्थ लागेना. ते काउंटरमागे खाली वाकले. बुटाची नाडी ओढल्याचा आवाज आला. बांधतायत की सोडतायत, ते अलीकडून दिसत नव्हतं.