लेकीचा विषय

जुने कॅमेरे. मांजरी. समुद्र. सोपं गणित. एकटीनं प्रवास. कॅक्टस.

फ्रिज दुरुस्त करणारे बाबा ब्लॉग शोधून देणाऱ्या साइटवर एकेक विषय टाकत होते. लेक भांडून घर सोडून गेली त्याला आठवडा झाला होता आणि तिचा फोन बंद होता. तिची मैत्रीण आईला एवढंच बोलली होती, "काकू, कुठे आहे ते ती ब्लॉगवर लिहिते. पण ब्लॉगचं नाव सांगणार नाही, तिनं शपथ घातलीय."

ही तिसरी साइट. हीसुद्धा आधी विषयच विचारत होती.

"अहो, गल्लीतल्या प्रत्येक फ्रिजचं दुखणं नुसत्या आवाजावरून ओळखता," आई कडाडली, "आणि पोटच्या पोरीला काय आवडतं ते ठाऊक नाही?"

"मग तू सांग की!"

आई पुटपुटली, "लहानपणी तिला... झोपाळा आवडायचा."

बाबांनी झोपाळा टाकलं. झोपाळे विकणाऱ्यांच्या ब्लॉगांचा ढीग समोर कोसळला.

 

गेल्या वर्षी लेकीनं बाबांना आपल्या ब्लॉगची लिंक पाठवली होती आणि बाबांनी ती न उघडताच अंगठा पाठवला होता.