पत्रीपुरती झाडं

धाकट्या भाऊजींनी कुदळ उचलली, तेव्हा मी परडी घेऊन सागाच्या बागेत उभी होते. पूजा होईपर्यंत मौन पाळायचं हा माझा रोजचा नेम, त्यामुळे "थांबा" म्हणायचीही सोय नव्हती.

"वहिनी, रागावू नका. पण तुमचा हादगा, शमी, अर्जुन, सगळे मिळून सागाच्या तोंडचा घास पळवतायत. देवाला पत्री हवी तर बाजारातून आणून देतो की!"

बाजार लांब, म्हणून वरच्या अर्ध्या बागेत सागाच्या ओळींमधून ती झाडं मीच लावली होती. मी नुसते हात जोडले. भाऊजींनी मान फिरवली आणि हादग्याच्या बुंध्याशी घाव घातला.

कुदळीचं पातं पूर्ण रुतलं. कुजलेल्या पाल्याखालून काळी, ओलसर माती वर आली, गांडुळांनी भरलेली. ते वाकून बघत राहिले. मग खाली गेले, जिथे नुसताच साग होता. तिथे घाव घातला तर खण्णकन आवाज झाला.

"साग एकदमच लावलेला ना सगळा?" तिथल्या बुंध्याला मिठी मारून ते वर आले, इथल्या सागालाही मारली. इथे हात पुरेनात. "आणि खालचा साग बारीक राहिला म्हणून मी पाण्याला बोल लावत होतो! वहिनी, सागाला जेवू घातलंय हो तुमच्या झाडांनी."

हादग्याच्या मुळांवर त्यांनी हाताने माती लोटली. "खाली पहिलं झाड कुठे लावू, तेवढं सांगा."

भरल्या डोळ्यांनी मी बोट दाखवलं. भाऊजी तिथेच खड्डा घ्यायला लागले.