स्वतःच्या नावाची बोंब

दिघ्याच्या खाडीकाठी होळी पेटली आणि बोंबांना प्रारंभ झाला. ज्याचा ज्याच्यावर राग, त्याने त्याचे नाव घ्यावे, पालथा हात तोंडावर आपटावा आणि मनातली मळमळ ओकून मोकळे व्हावे. त्या दिवशी शिवीलाही दोष नव्हता. नव्या शहरासाठी जमिनी मोजायला आलेल्या मोजणीदाराचा उद्धार झाला. खडीच्या ठेकेदाराचाही झाला.

इतक्यात गोटीराम घोळक्यातून पुढे आला. दिवाळीपासून ज्याच्या मुखातून धड शब्द निघाला नव्हता, त्याने आभाळ फाटेल अशी आरोळी ठोकली.

“गोटीरामाच्या बैलाला ढोल!”

मंडळी खदखदून हसली.

“अरं, सोताच्याच?” हिरामण ओरडला. “जास्त झाली काय रं?”

“मेव्हन्याला वाऱ्यात खाडीवर नेनाऱ्याच्या बैलाला ढोल! पोर बोलत व्हता, दाजी, मागं फिरू. मी बोललो, बायकांवानी घाबरतोस? शिवा बुडला, आन् ह्यो हरामखोर पोहत घरी आला!”

हसू जागच्या जागी विझले. गोटीराम एकेका शिवीसरशी स्वतःच्याच थोबाडीत मारू लागला. इतके दिवस गावात कोणी त्याला एका शब्दाने दुखवले नव्हते. जो तो म्हणे, नशीब. ते सांत्वनच त्याला निखाऱ्यासारखे पोळत होते. कोणीतरी आपणास धरून बदडावे, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

बायकांमधून पुतळा बाहेर आली. ती गोटीरामाची बायको. शिवा तिचा एकुलता एक भाऊ. तिचे डोळे संतापाने लाल झाले होते. आता ही तरी मारील, या आशेने गोटीरामाने मान पुढे केली.

“कोन रं तू?” परक्यावर खेकसावे तशी ती खेकसली. “माज्या नवऱ्याला मारनारा तू कोन?”

गोटीरामाचा हात तसाच वर राहिला.

“पुतळा, तुजा भाव मी...”

“ठाव हाय मना. तुमचा राग येतो मना. भाकर थापताना येतो, तुमी समोर जेवाया बसलाव की येतो. अजून यील. तो माजा राग हाय, त्याचं काय ते मी बघीन. पन माज्या मानसाला हात लावायचा नाय. कुनीच नाय. तुमीबी नाय!”

“मग मी करू काय?”

“मना काय ठाव?” ती किंचाळली. “बसा खाली!”

तो मटकन बसला. शेजारणीच्या हातातला, होळीभोवती धार धरायचा पाण्याचा तांब्या पुतळाने हिसकावून घेतला. पदर भिजवला आणि त्याच्या सुजलेल्या गालावर दाबून धरला.

“दुकतं,” गोटीराम लेकरासारखा पुटपुटला.

“दुकनारच,” ती चिडूनच म्हणाली, आणि पदराची ओली घडी उलटून तिने दुसऱ्या गालावर ठेवली.